जुना ट्रक सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटरने ही पाच मापं घ्या

नोव्हेंबरची सकाळ. वर्धा जिल्ह्यातलं आष्टी (बीडचं नव्हे, आपलं वरुड-आर्वीच्या बाजूचं). आंबिया बहाराची संत्री तोडून कॅरेट भरलेले, ट्रक लोड झालेला, आणि सेल्फ मारला की इंजिन घर्र... घर्र... करून अर्धा फेरा फिरतं आणि थांबतं. मोठेबाबांचा मला पुण्यात फोन आला, "अरे, सेल्फच घेत नाही. बॅटऱ्या तं आत्ताच नव्या टाकल्या!"

बॅटऱ्या खरंच नव्या होत्या. दुकानदार म्हणाला "बॅटरी गेली", म्हणून दोन्ही बदलल्या. हजारो रुपये गेले आणि ट्रक होता तिथेच. शेवटी चुलतभावाने व्हिडिओ कॉलवर मल्टिमीटर लावला आणि अर्ध्या तासात खरा बिघाड सापडला. तो काय होता ते शेवटी सांगतो, कारण तिथे पोहोचायची पद्धत जास्त महत्त्वाची आहे. एकदा ती कळली की ट्रक, ट्रॅक्टर, जीप, कुठल्याही जुन्या डिझेल गाडीवर वापरता येते.

आधी समजून घ्या: जुन्या डिझेल ट्रकला वीज कशाला लागते?

टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ मध्ये झाला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनायला लागले. तो करार १९६९ मध्ये संपला, पण त्या धाटणीचे ट्रक पुढे अनेक वर्षं रस्त्यावर राहिले. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली. या पिढीच्या गाड्यांमध्ये ईसीयू नाही, सेन्सर नाहीत. त्यामुळे मोबाईलला जोडायचा ओबीडी स्कॅनर इथे काहीच कामाचा नाही. जोडायला सॉकेटच नाही!

चांगली बाजू अशी की यंत्रणा अगदी सोपी आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली की ती तापते, त्यात डिझेल फवारलं की पेट घेतं. डिझेल पंप मेकॅनिकल असतो. म्हणजे एकदा सुरू झालेलं इंजिन विजेशिवायही चालू राहू शकतं. वीज लागते ती मुख्यतः एकाच कामाला: इंजिन पुरेशा वेगाने फिरवायला. मिनिटाला साधारण १०० ते १५० फेरे मिळाले नाहीत तर हवा पुरेशी तापत नाही. थंडीच्या सकाळी तर आणखीच त्रास.

हे फिरवायचं काम करतो स्टार्टर मोटर, म्हणजे आपल्या भाषेत "सेल्फ". त्याचे दोन रस्ते असतात:

- जाड रस्ता: बॅटरी → जाड केबल → सोलेनॉइड → सेल्फ → इंजिनाची बॉडी → अर्थची पट्टी → चेसिस → परत बॅटरी. इथून शेकडो अँपिअर करंट जातो.
- बारीक रस्ता: बॅटरी → चावीचा स्विच → बारीक वायर → सोलेनॉइड. हा फक्त सोलेनॉइडला "लाव" असा हुकूम देतो.

जाड रस्ता गोल आहे हे लक्षात ठेवा. करंट जसा जातो तसा परतही यावा लागतो. बहुतेक लोक जाणारी लाल केबल तपासतात, परतीचा रस्ता कोणी बघतच नाही.

"१२.६ व्होल्ट दाखवतंय, मग बॅटरी ठीक ना?" नाही!

सगळ्यात मोठी चूक इथे होते. ठिबकचं उदाहरण घ्या. व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर प्रेशर फुल दिसतं. व्हॉल्व्ह उघडला आणि फिल्टर चोक असला की पुढे पाणीच जात नाही. विजेचं अगदी तसंच. करंट वाहत नसताना घेतलेलं माप रस्त्यातला अडथळा दाखवत नाही.

थोडं गणित. सेल्फ ३०० अँपिअर ओढतोय आणि एका गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.०१ ओहम आहे. ३०० × ०.०१ = ३ व्होल्ट त्या एका जोडावरच संपले. आणि ३ × ३०० = ९०० वॅट उष्णता तिथे तयार झाली, जवळपास कपड्यांच्या इस्त्रीएवढी! साध्या मल्टिमीटरच्या ओहम सेटिंगवर ०.०१ ओहम दिसतच नाही. कंटिन्युइटीचा बझर तर आनंदाने वाजतो.

म्हणून नियम एकच: सेल्फ मारत असताना मोजा. याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात.

काय काय लागेल?

- साधा डिजिटल मल्टिमीटर (डीसी व्होल्ट असलेला कुठलाही)
- चावी फिरवायला एक माणूस
- पाने, वायर ब्रश, सँडपेपर
- जाड जंपर केबल
- तुमचा मोबाईल. टॉर्चसाठी, वायर काढण्याआधी फोटोसाठी, आणि मुख्य म्हणजे मीटरचा व्हिडिओ काढायला. स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. धावपळीत तो हुकतो, व्हिडिओ थांबवून नीट वाचता येतो.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा: १२ व्होल्टच्या गाडीला २० ची रेंज, २४ व्होल्टच्या गाडीला २०० ची. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घालून बॅटरीला कधीही लावू नका. तो थेट शॉर्ट होतो.

गाडी १२ ची की २४ ची? बॅटऱ्या मोजून ठरवू नका, कारण दोन बॅटऱ्या पॅरलल जोडल्या तरी १२ च राहतात. सेल्फच्या जाड बोल्टवर आणि इंजिनाच्या बॉडीवर प्रोब लावून मोजा, लगेच कळेल.

सुरक्षा: हे वगळू नका

- गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड.
- गाडीखाली शिरून स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट जोडू नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती तिथूनच पुढे सरकते आणि तुम्ही चाकासमोर असता. ही "ट्रिक" रीलमध्ये भारी दिसते, पण यात जीव जाऊ शकतो.
- बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ बिडी, काडी, ठिणगी नको.
- हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा.
- केबल काढताना चेसिसला गेलेली आधी काढा, जोडताना ती सगळ्यात शेवटी.
- सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये दोन मिनिटं थांबा.

पहिलं काम: ऐका

चावी फिरवल्यावर काय होतं त्यावरून अर्धं निदान होतं. सोबत हेडलाइट लावून ठेवा आणि त्यांच्याकडेही बघा.

- काहीच आवाज नाही, लाइट तसेच झगझगीत: बारीक रस्ता बघा. चावीचा स्विच, बारीक वायर, सोलेनॉइड, सेल्फचे ब्रश.
- काहीच नाही आणि लाइटही नाहीत: बॅटरी पूर्ण उतरली, टर्मिनल सुटलं, किंवा बॅटरीचा मेन कट-ऑफ स्विच बंद आहे.
- टकटकटकटक: सोलेनॉइड धरतो आणि सोडतो. बहुतेक वेळा बॅटरी कमजोर किंवा जोड ढिला.
- एकच जोरात "टक", लाइट फारसे मंद नाहीत: सोलेनॉइडचे आतले काँटॅक्ट जळाले किंवा सेल्फचे ब्रश झिजले.
- एकच "टक", लाइट एकदम मंद: बॅटरी कमजोर, किंवा सेल्फ अथवा इंजिन जाम.
- इंजिन हळूहळू फिरतं: बॅटरी, केबल, अर्थ, किंवा सेल्फचे बुश झिजलेत. ओळखायला पुढची मापं.
- सेल्फ सुईंऽऽ करून फिरतो, इंजिन नाही: बेंडिक्स किंवा फ्लायव्हील रिंगचे दात. हे मेकॅनिकल काम.
- इंजिन छान वेगाने फिरतं पण पेटत नाही: तुमचा सेल्फ ठीक आहे! डिझेल लाइनमधली हवा, चोक फिल्टर, ओढलेली राहिलेली स्टॉप केबल किंवा स्टॉप सोलेनॉइड बघा.

माप १: बॅटरी, आरामात असताना

गाडी काही तास बंद असावी. तेवढा वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, म्हणजे वरवरचा चार्ज उतरतो. मग मोजा.

| १२ व्होल्ट बॅटरी | चार्ज (अंदाजे) |
|---|---|
| १२.६ किंवा जास्त | पूर्ण |
| १२.४ | पाऊण |
| १२.२ | अर्धा |
| १२.० | पाव |
| ११.९ च्या खाली | उतरलेली |

दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर प्रत्येक वेगळी मोजा. एक १२.७ आणि दुसरी ११.८ असेल तर बेरीज २४.५ येते आणि सगळं ठीक वाटतं. पण जोडी तिच्या कमजोर बॅटरीएवढीच ताकदवान असते.

ही जोडी बिघडवतो कोण? बऱ्याचदा आपणच. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये म्युझिक सिस्टिम आणि मोबाईल चार्जर १२ वर चालवायचे म्हणून वायर एकाच बॅटरीवरून ओढलेली असते. ती एकटी उतरत राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होते. यावर उपाय म्हणजे २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर, जो दोन्ही बॅटऱ्यांवरून जोडायचा.

बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढची मापं. विदर्भातल्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणीही लवकर आटतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी नको, ॲसिड नको.

माप २: बॅटरी, सेल्फ मारताना

स्टॉपची नॉब ओढून धरा म्हणजे इंजिन पेटणार नाही. प्रोब थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, केबलच्या लगवर नाही. सोबतच्या माणसाला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. व्हिडिओ चालू.

- १२ च्या गाडीत ९.६ च्या खाली, किंवा २४ च्या गाडीत १९.२ च्या खाली गेलं: बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ जाम होऊन भलताच करंट ओढतोय. चार्ज केलेली दुसरी चांगली बॅटरी लावून पुन्हा बघा.
- आकडा चांगला वर राहिला, तरी इंजिन हळूच फिरतं: बॅटरीला दोष देऊ नका. ती द्यायला तयार आहे, पण करंट पुढे जात नाहीये. बिघाड रस्त्यात किंवा सेल्फमध्ये आहे.

या एका मापाने नव्या बॅटरीचा खर्च वाचू शकतो.

माप ३: जाणारा रस्ता

एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरा सोलेनॉइडच्या त्या जाड बोल्टवर जिथे बॅटरीची केबल येते. सेल्फ मारा. आदर्श आकडा शून्याजवळचा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. त्यापेक्षा जास्त आला तर एक प्रोब पुढे पुढे सरकवत जा: खुंटी ते लग, लग ते कट-ऑफ स्विच, स्विचच्या अलीकडे-पलीकडे, मग केबल. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारतो, तोच दोषी.

मग सोलेनॉइडच्या दोन्ही जाड बोल्टांमध्ये मोजा. चावी फिरवण्याआधी पूर्ण बॅटरी व्होल्टेज दिसेल, ते बरोबर आहे. सेल्फ मारल्यावर ते ०.३ च्या खाली आलं पाहिजे. "टक" होऊनही आकडा मोठाच राहिला तर आतले काँटॅक्ट जळालेत.

माप ४: परतीचा रस्ता

एक प्रोब सेल्फच्या लोखंडी बॉडीवर (रंग खरवडून), दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. काही खूप जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो. तिथे जी खुंटी चेसिसला गेलीय ती धरा. सेल्फ मारा. इथेही अर्ध्या व्होल्टच्या आत हवं.

जास्त आला तर दोन भाग करा: इंजिन ते चेसिस, आणि चेसिस ते बॅटरी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबर वीज नेत नाही. त्यामुळे इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी हाच करंटचा पूल. तेल, चिखल, पाणी आणि धक्के खात ती आतून तुटत जाते, वरून मात्र ठीक दिसते. पूल खराब झाला की करंट ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलसारखी आडवाट शोधतो. सेल्फ मारल्यावर अशी केबल गरम लागली तर समजून जा.

पटकन खात्री करायची असेल तर जंपर केबलचं एक टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ खुंटीला लावा. इंजिन लगेच जोरात फिरलं तर अर्थच खराब.

माप ५: बारीक वायर

सोलेनॉइडवर चावीकडून आलेली बारीक वायर शोधा (बॉशच्या पद्धतीत हिच्या टर्मिनलवर ५० आणि जाड बोल्टवर ३० लिहिलेलं असतं). एक प्रोब तिच्यावर, दुसरा इंजिनाच्या बॉडीवर. चावी फिरवल्यावर बॅटरीपेक्षा साधारण एक व्होल्टच्या आतच फरक हवा. जास्त फरक असेल तर चावीचा स्विच किंवा मधले कनेक्टर तपासा.

व्होल्टेज पूर्ण पोहोचतंय आणि तरी "टक" नाही? मग सोलेनॉइड किंवा ब्रश. सोलेनॉइडच्या एका कॉइलचा करंट सेल्फच्या ब्रशमधूनच परततो, म्हणून ब्रश झिजले की सोलेनॉइडही गप्प बसतो. सेल्फला हातोडीच्या दांड्याने हलकं टोकल्यावर एखाद वेळी चालतो ना, त्याचं कारण हेच. ते दुरुस्ती नव्हे, ब्रश बदलायची सूचना आहे.

सापडलं, आता काय?

जोड उघडा, वायर ब्रशने चकचकीत करा, घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पण तो सेलमध्ये जाऊ देऊ नका. केबल बदलायची तर तांब्याचीच आणि जुनीएवढी जाड. ट्रकसाठी साधारण ५० ते ७० चौरस मिलिमीटर लागते. सेल्फ खोलायचा असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण आकडे लिहून न्या. "सेल्फ घेत नाही" पेक्षा "सोलेनॉइडवर दोन व्होल्ट ड्रॉप आहे" म्हटलं की काम नेमकं होतं.

इंजिन सुरू झाल्यावर थोडी रेस देऊन बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ (२४ च्या गाडीत २७.६ ते २८.८) आलं तर चार्जिंग ठीक. कमी असेल तर उद्या सकाळी पुन्हा हीच कहाणी.

आणि घाईत ट्रॅक्टरची बॅटरी जंपरला लावणार असाल तर व्होल्टेज सारखं आहे ना ते आधी बघा. १२ ला २४ जोडू नका.

मोठेबाबांच्या ट्रकचं काय झालं?

सेल्फ मारताना बॅटऱ्या २३.१ वर टिकून होत्या. जाणारा रस्ता ०.४. आणि इंजिन ते चेसिस? ६.४ व्होल्ट! भावाने जंपर केबल इंजिनाला लावली, चावी फिरवली, आणि दुसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं. संत्री त्याच दिवशी निघाली. पट्टी काढली तर बोल्टखालचा भाग हिरवा पडलेला आणि निम्म्या तारा तुटलेल्या होत्या.

जुन्या बॅटऱ्या खरंच खराब होत्या का, हे आता कधीच कळणार नाही. त्या एक्स्चेंजमध्ये गेल्या होत्या. आधी मोजलं असतं तर कळलं असतं. आता मल्टिमीटर ट्रकच्या डॅशबोर्डमध्येच असतो.